पाचवं वर्तुळ

मंगळवार, संध्याकाळ

खुलताबादला शिबिरात दिवसभर लोकांची बोटं टोचली. कार्डावरची पाच वर्तुळं रक्तानं भरायची, वाळवायची, काविळीच्या तपासणीला पाठवायची. एका म्हातारीची सून शेजारी कार्ड घट्ट धरून बसली होती. पाचही वर्तुळं कशी भरगच्च! उठताना म्हातारी म्हणाली, "तुझं रगत कोण घेतं गं, बाई?" मी हसत पुढच्याचं बोट धरलं.

पण डोक्यातून जाईना. आमचे हे काविळीनंच गेले, तरी मी माझं रक्त अजून तपासलं का नाही? भीती, दुसरं काय!

घरी येऊन उरलेलं कार्ड काढलं. बोट दाबायला दुसरा हात, मग कार्ड कोण धरणार? सारखं सरकत होतं. चार भरली, पाचवं वर्तुळ कोरंच राहिलं.

कार्डासोबतच्या फॉर्मवर विचारलंय, जवळच्या माणसाचा फोन नंबर. माझाच लिहिला.