दगडी बाईची ओटी

९ ऑक्टोबर २००४, शनिवार
पोचले एकदाची. आमचे हे विमानाला घाबरून संगमनेरलाच राहिले. बरं झालं, घोरणं तरी टळलं. सत्यजितने, माझ्या लेकाने, अमेरिकेत घर झकास घेतलंय, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून तासाभरावर. हिमानी, माझी नात, पाच वर्षांची. मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर. ही वही तिनेच दिली. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण एवढं लिहिता येतं.
सत्याने फ्रान्स दाखवायचं कबूल केलं होतं. ते कॅन्सल केलं. म्हणे, आई, इथे टेकडीवरच फ्रान्स आहे. कुणा श्रीमंताने तिकडचा सात-आठशे वर्षांचा मठ विकत घेतला, दगडांना नंबर टाकले आणि जहाजातून इथे आणून परत रचला. पैसा असला की काय काय सुचतं.

१० ऑक्टोबर, रविवार
मठ पाहिला. कमानी, मधे अंगण, विहीर, चारी बाजूंनी थंडगार ओवऱ्या. आवडला मला, खोटं कशाला बोलू. आत एका थडग्यावर दगडी बाई निजलीय. कुणी सरदारीण. डाव्या कुशीत पोराएवढी खाच, रिकामी. तिथल्या माहिती देणाऱ्या बाईने जे सांगितलं ते देवयानीने, माझ्या सुनेने, मला समजावलं. मायलेकी एकाच तापात गेल्या. त्या खाचेतला लेकीचा दगड आणताना समुद्रात पडला. आईला तेवढं आणून ठेवलं. अक्कल बघा.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार
नवरात्र, त्यात शुक्रवार, आणि देऊळ तीन तासांवर. सत्याला सुट्टी नाही. म्हटलं, हीही बाईच, रिकाम्या कुशीने पडलीय बिचारी. हिमानीला घेऊन टेकडी चढले. राखणदार पलीकडे गेला तसं कुंकू लावलं, खाचेत हिरवा खण, तांदूळ, नारळ ठेवला. तोंडात सवयीने आलं, तुझी कूस भरू दे. हिमानीला पाया पडायला लावलं.
देवयानी तडकली. आई, म्युझियम आहे ते, काहीही काय करता! म्हटलं, एका बाईला कुंकू लावलं तर तुझं काय गेलं?

१६ ऑक्टोबर
सकाळी हिमानीच्या उशाशी तोच हिरवा खण. घडीसुद्धा मोडलेली नाही. आम्ही कुणी आणला नाही. हिमानी इंग्रजीत काही बोलली आणि देवयानीचा चेहरा उतरला. दोनदा विचारलं तेव्हा सांगितलं. रात्री त्या दगडी बाईने येऊन हिमानीला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं. म्हणाली, बरोबर बसेल.

१८ ऑक्टोबर
पोरीचा डावा हात गार. चिमटा काढला, कळला नाही तिला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही सापडत नाही म्हणतात. हात चोळून चोळून माझेच तळवे सोलले.

१९ ऑक्टोबर
उचलायला गेले, उचलेना. सत्या आला, दोघांनी धरलं, तरी नाही. पाच वर्षांची पोर. पाय राखाडी पडलेत. टिचकी मारली तर आवाज येतो— कसला ते लिहीत नाही.

२० ऑक्टोबर
मठात गेले. ओटी परत काढायला. नारळ नाही. तांदूळ दगडात रुतलेत, एकेक दाणा. नखं तुटली, दाणा सुटला नाही. भरलेली ओटी परत घेत नाहीत, मला काय माहीत नव्हतं? बाई हसतेय. रविवारी हसत नव्हती.

२१ ऑक्टोबर
हिमानी डोळे मिटत नाही. श्वास आहे. अजून आहे. देवयानी माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं. जीभ माझी— आशीर्वाद माझा—

२२ ऑक्टोबर, दसरा
सत्याचा मोबाइल आणि ही वही घेऊन सकाळीच निघून आले. मठात कुणी नाही. बाईला म्हटलं, पोर सोड. लेकच हवी ना तुला? म्हातारी झाले तरी मीही कुणाची लेकच आहे. गुडघे पोटाशी घेऊन खाचेत शिरले. लहान वाटत होती. बसले बरोबर.
तिचा हात अंगावर आला— गार—
फोन. देवयानी रडतेय. हिमानीने बोटं हलवली. भूक लागली म्हणते. आणि चक्क मराठीत विचारलं, आजी कुठंय. म्हटलं, मऊ भात दे, तूप घाल, आलेच मी. खोटंच—
पाय गेले. कंबर—
यांना सांगा, रक्तदाबाच्या गोळ्या फडताळात, वरच्या कप्प्यात, डाव्या—