मुद्दाम पडलेला माणूस

मँचेस्टर, मंगळवार, नोव्हेंबर २००६

आज जेवण गेलंच नाही. माझे पेशंट, ते म्हातारे फ्रेंच विनोदी नट. ऐन उमेदीत स्वतः सिनेमे काढायचे, त्यात खुर्ची चुकवून असे पडायचे की थिएटर हसून लोळायचं. शेवटचा सिनेमा आपटला, तेव्हा इथे मुलीकडे आले. मग पॅरालिसिस. मी त्यांना पुन्हा चालायला शिकवतेय.

आज वॉर्डात सगळ्यांसमोर ते तसेच पडले. मुद्दाम! ते पडणं डोळ्यांसमोरून हलत नाही. कोणीच हसलं नाही. नर्स धावल्या, मीही धावले. "लागलं का तुम्हाला?"

जमिनीवरूनच म्हणाले, "मी पडल्यावर लोक धावून येतात? मग संपलंच की सगळं."

हसायला हवं होतं का मी? पण हसू आलंच नाही. उद्या त्यांना कशासाठी उभं करू?