त्यांनी विचारलं होतं

येना, जर्मनी, २२ नोव्हेंबर २००९

प्रिय संघर्षदादा,

सप्रेम जय भीम.

आई बरी आहे. परवापासून वरण-भात खाते. काल खिडकीशी बसून माझे सगळे फाटके मोजे शिवले. वहिनी, मुलं ठीक ना? नागपुरातही स्वाइन फ्लू वाढलाय असं ऐकते. मुलांना जपा.

तुझं पत्र मिळालं. हॉस्पिटलवर तक्रार करायची म्हणून तू कागद मागितलेस. ‘आईला पेनिसिलीन चालतं का, एवढं विचारायची अक्कल नव्हती त्या लोकांना?’ असं लिहिलंस.

विचारलं होतं, दादा.

स्वाइन फ्लूने आईला दाखल केलं तेव्हा ताप एकशे चार होता. आयसोलेशनमध्ये मला आत जाऊ देईनात. फॉर्मवर अ‍ॅलर्जीचा रकाना होता. कुठल्याशा इंजेक्शनने आईचं तोंड सुजलं होतं एवढंच मला आठवत होतं. तुला विचारून कळवू म्हणून रकाना रिकामा ठेवला, आणि राहून गेलं. डॉक्टर म्हणाले, “मराठीचा दुभाषी आमच्याकडे नाही. काही विचारायचं झालं तर तुम्हाला फोन करू.”

फोन आला. मंगळवारी सकाळी, नऊ चाळीसला. मी प्रोफेसरांसमोर दोन वर्षांचं काम मांडत उभी होते. हॉस्पिटलचा नंबर ओळखला आणि मोबाइल बंद केला. दहा मिनिटांत करू म्हटलं. पाऊण तास झाला.

तेवढ्यात आईचा न्यूमोनिया वाढला. थांबायला वेळ नव्हता, म्हणून डॉक्टरने बाटली दाखवून त्याच्या भाषेत तिलाच विचारलं, “पेनिसिलीन? चालेल?” आई म्हणाली, “जा, जा.”

जर्मनमध्ये ‘जा’ म्हणजे हो.

आई मला नंतर म्हणाली, “कोवळा पोरगा होता गं. माझ्या इतक्या जवळ आला. त्याला लागण होईल म्हणून म्हणत होते, जा बाबा, जा.”

सलाईन लावून डॉक्टर गेला. थोड्याच वेळात आईचा घसा आवळला. आवाज फुटेना. शेजारच्या खाटेवर ग्रासिएला नावाची पेरूची बाई होती. तिला स्पॅनिशखेरीज काही येत नाही. तिने बेल दाबली, कुणी आलं नाही. मग स्वतःच्या सलाईनचा स्टँड ओढत ती कॉरिडॉरमध्ये गेली आणि ओरडायला लागली. खोलीबाहेर यायची बंदी होती, म्हणून नर्स तिला आत ढकलत होती, रागावत होती. ग्रासिएला दाराची चौकट सोडेना. शेवटी नर्सने वैतागून आत पाहिलं, आणि धावली.

आई वाचली ती अशी.

त्याच दुपारी ग्रासिएलाला दुसऱ्या खोलीत हलवलं. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं, तेव्हा आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या एका स्पॅनिश मुलाला फोन लावला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. तिने सगळ्यात आधी काय विचारलं असेल? “ती बाई मेली का?” तीन दिवस ती हेच विचारत होती. कुणाला कळलंच नव्हतं. आई जिवंत आहे हे ऐकल्यावर मोबाइल छातीशी धरून ती रडत राहिली.

काल आईला फोनचं सगळं सांगितलं. तिने सुई खाली ठेवली. मग म्हणाली, “मला सांगितलंस ते झालं. आता दादाला सांग. तो फक्त परक्या लोकांवर चिडून बसलाय.”

तक्रार करू नकोस असं मी म्हणत नाही. कागद सोबत पाठवतेय. माणसाचा जीव त्याच्या मुलीच्या मोबाइलवर टांगून ठेवणं चूकच आहे, आणि ग्रासिएलाला तर इथे मुलगीही नव्हती. तिचंही त्यात लिही. पण नऊ चाळीसचा फोनही लिही, आणि तो कुणी बंद केला तेही. नाव पूर्ण घाल.

रागावशील. रागाव, पण मला पत्र पाठव.

तुझी,
मैत्री