बाईंचा ब्रेक आणि न दिसणारी फिल्म

मंगळवार, ४ मार्च

काळी, जास्त काळी आणि डांबर! गाडीच्या काचांना लावायच्या फिल्मचे जगात एवढेच प्रकार आहेत म्हणे. ॲक्सेसरीजवाल्याने काउंटरवर तीन तुकडे टाकले आणि चोरलेला दागिना विकायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "साहेब, ही सगळ्यात काळी घ्या. आत कोण बसलंय, काय करतंय, कुणाला पत्ता लागणार नाही."

म्हटलं, आत माझी बायको बसणार आणि माझं ड्रायव्हिंग सुधारणार. हे गावाला दिसलं तरी चालेल.

हसला नाही. चांगला विनोद वाया.

बरोबर बायकोचा धाकटा भाऊ होता. त्याला मी मनातल्या मनात तज्ज्ञ म्हणतो. गाड्यांमधलं त्याला सगळं कळतं, फक्त चालवता येत नाही. सख्खी बहीण ड्रायव्हिंग शिकवते — शिकवायची — आणि हा बसच्या रांगेत उभा राहून लोकांना इंजिनांबद्दल सल्ले देतो! "भावोजी, जितकी काळी तितकी चांगली. यात विचार काय करायचा?"

खरंय. विचार करायचा नाही असं एकदा ठरवलं की किती सोपं होतं सगळं.

गुरुवार, ६ मार्च

बाईंना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. (बाई म्हणजे बायकोच. सगळे विद्यार्थी 'बाई' म्हणायचे. मीही तिच्याकडेच गाडी शिकलो, मग लग्न केलं. सवय सुटली नाही.) ऊन लागलं की चेहऱ्यावर, हातांवर लाल चट्टे उठतात, सांधे धरतात. गेल्या उन्हाळ्यात शिकवणं बंद केलं. तेव्हापासून पडदे ओढलेली खोली, आणि बाहेर जायचंच झालं तर मागची सीट — मधोमध, स्कार्फ, गॉगल, हातमोजे. शेजारून जाणाऱ्यांना वाटतं, मी कुणाला तरी पळवून नेतोय.

गाडी अजून तीच, शिकवायची. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपाशी तिचा दुसरा ब्रेक अजून तसाच आहे. मी एकदा म्हटलं होतं, काढून टाकू या का. "राहू दे," एवढंच म्हणाली.

मागच्या सीटवर ब्रेक नाही. तरी प्रत्येक वळणावर तिचा पाय जमिनीवर आपटतो. धप्. धप्. पाठीत ऐकू येतं मला.

डॉक्टर म्हणाल्या, औषध छान लागू पडलंय. पण काचेतूनसुद्धा त्रासदायक किरण येतातच. समोरची काच दुपदरी असते, ती बरेचसे अडवते. बाजूच्या काचांचा भरवसा नाही.

"मग शिकवणं?" बाईंनी विचारलं. इतक्या सहज, की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"बाजूच्या काचांचं नीट काही केलंत, अंग झाकलंत, भर दुपार टाळलीत, तर सुरू करा. चट्टे उठले तर मात्र लगेच बंद."

म्हणजे बाईंचं सगळं आयुष्य आता एका प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर! आणि तो निवडणार कोण? तर ज्याला स्वतःचे मोजे निवडता येत नाहीत तो.

रविवार, ९ मार्च

मोठी शोरूम. एसी, कॉफी, टाय. टायवाल्याने काचेच्या पेटीत दिवा लावला, मध्ये फिल्म धरली. "हात ठेवा सर. गरम लागतंय? नाही ना?" नाही लागलं. तज्ज्ञाने पण हात ठेवला, मान डोलावली, शास्त्र संपलं.

मी विजयी मुद्रेने फोन लावला. बाई म्हणाल्या, "गरम होतं म्हणून घरात नाही बसले मी. उकाडा वेगळा, उजेड वेगळा आणि मला जो बाधतो तो तिसराच. त्याचं विचार."

विचारलं. टायवाला म्हणाला, "सर, ही प्रीमियम आहे."

हे उत्तर मी आयुष्यात अनेक प्रश्नांना देणार आहे.

सोमवार, १० मार्च

तज्ज्ञाचा सकाळी फोन. "भावोजी, डांबर. मी सांगतो, डांबर." याचा जन्म रस्ता दुरुस्ती खात्यात व्हायला हवा होता.

मंगळवार, ११ मार्च

नियम वाचला. पुढच्या काचा काळ्या करायच्याच नाहीत! काचेतून किती उजेड जातो ते वाहतूक पोलीस मीटर लावून बघतात, कमी भरला तर फिल्म जागेवर खरवडून काढतात. शिवाय बाई म्हणाल्या, "काळ्या काचेतून आरसा दिसेल का नवशिक्याला? मला पोरं शिकवायची आहेत, लपवायची नाहीत."

म्हणजे हवी आहे अशी फिल्म, की जी नको ते अडवेल आणि दिसणारही नाही. अशी माणसंसुद्धा मिळत नाहीत.

गुरुवार, १३ मार्च

आजचा दिवस बाईंचा!

काल मी तीन दुकानांतून सगळे नमुने गोळा केले. त्यातच एक तुकडा असा, की मला वाटलं दुकानदाराने चुकून नुसतं प्लॅस्टिकचं पाकीटच दिलं. साधा, पाण्यासारखा. आज बाईंनी औषधवाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागवून घेतला. "तुझा पांढरा शर्ट आण. धुतलेला." कशाला? "आण रे."

तिची खोली तशीही दिवसा अंधारीच. शर्ट खुर्चीवर टांगला. दिवा लावला — आणि शर्ट निळाजांभळा पेटलाच की! धुण्याच्या पावडरमुळे उजळतो म्हणाली. ज्या किरणांनी शर्ट चमकतो, त्याच जातीच्या किरणांनी ती लाल होते. तो चमकायचा थांबला तर आपण जिंकलो.

पहिला तुकडा: डांबर. तज्ज्ञ हात बांधून उभा, कौतुक ऐकायला तयार. शर्ट चमकला! मंद, पण चमकला. इतका काळा तुकडा आणि आतून गळका. तज्ज्ञ म्हणाला, "शर्ट खराब आहे."

टायवाल्याची प्रीमियम. शर्ट चमकला. "सर, ही प्रीमियम आहे," मी म्हटलं. बाई हसल्या. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी.

मग तो पाण्यासारखा तुकडा. काहीच नसल्यासारखा. दिव्यासमोर धरला आणि शर्ट विझला! काढला — पेटला. धरला — विझला. मी लहान मुलासारखा धरत-काढत बसलो. शेवटी बाई ओरडल्या, "पुरे! सेल संपतील."

मग माझ्या हातातून तो तुकडा घेतला आणि बराच वेळ आपल्या मनगटावर ठेवून बघत बसली.

शनिवार, १५ मार्च

लागली! चारही काचांना. तुकडा डॉक्टरांना दाखवला, कंपनीचा चाचणी कागदही. त्यांनी मान डोलावली. लावणाऱ्याने काचा धुतल्या, साबणाचं पाणी मारलं, रबरी पट्टीने पाणी ओढून काढलं. आत बारीक बुडबुडे राहिलेत. "वाळतील. पण मी सांगेपर्यंत काच खाली घ्यायची नाही." मी काचांच्या बटणांवर चिकटपट्ट्या मारून टाकल्या. मला मी ओळखतो.

खाली चार शेजारी जमले. "लावली का फिल्म?" लावली. "कुठंय?" हीच. "दिसत नाही." नाहीच दिसत. "पैसे घेतले?" घेतले. "मग ते तरी दिसले असतील." आणि खो-खो हसले. दर आठवड्याला पेपरात लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची ही दशा!

सोमवार, १७ मार्च

चौकात पोलिसाने थांबवलं. काचेवर टकटक. "काच खाली घ्या." घेता येत नाही हो, फिल्म वाळतेय. "कुठली फिल्म?" मी दार उघडून उतरलो आणि काचेकडे बोट दाखवलं. त्याने वाकून बघितलं, मीटर लावला, आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आवाज एकदम मवाळ झाला. "घरी कोणी आहे का? जा सावकाश."

वेडा ठरून सुटलो. यासारखं सुख नाही!

शनिवार, २२ मार्च

बुडबुडे गेले. चिकटपट्ट्या काढल्या. सकाळी उन्हं वर आल्यावर बाई खाली उतरल्या. स्कार्फ होता, हातमोजे होते. मी मागचं दार उघडलं. त्यांनी ते बंद केलं आणि पुढे जाऊन बसल्या. शेजारच्या सीटवर.

आधी नुसतं बघत होत्या. रस्ता, दुकानं, माणसं — गॉगलही काढला. मी अगदी शहाण्यासारखा चालवत होतो. मोठ्या रस्त्यावर सायकलवाला आडवा आला, मला जरा उशिराच दिसला —

आणि गाडी थांबली. मी थांबवली नव्हती!

खाली बघितलं. बाईंचा पाय ब्रेकवर. खऱ्या ब्रेकवर.

"आरसा कोण बघणार?" त्या म्हणाल्या. "मी?"

मागचे हॉर्न वाजवत होते. मी तिथेच, भर रस्त्यात, मोठ्याने हसत बसलो. इतकं गोड कुणी मला आजवर झापलं नव्हतं.

सोमवार, २४ मार्च

सकाळी हात बघितले, चेहरा बघितला, भिंग लावून बघितला. एक चट्टा नाही! डॉक्टरांना कळवलं. "चालू ठेवा," म्हणाल्या. तज्ज्ञ जेवायला आला होता. "मी आधीच म्हणत होतो, साधी घ्या." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मला ती नजर माहीत आहे. ती माझ्यावरही एकदा पडली होती, लायसन्स मिळायच्या आधी.

बुधवार, २६ मार्च

सकाळी खाली गाडी नाही. चावी नाही. माळ्यावरची 'एल'ची पाटी नाही. निमूट बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने समोरून माझी गाडी आली. म्हणजे, चालत आली म्हणावं अशी. स्टेअरिंगला दोन्ही हातांनी लटकलेला तज्ज्ञ, घामाने निथळलेला. आत कोण बसलंय, काय करतंय, अख्ख्या रांगेला स्वच्छ दिसत होतं. मी हात केला. बाईंनी बघितलंसुद्धा नाही. त्या आरशात बघत होत्या.