मागच्या जिन्याचं घर

बाबा, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नकाशा पसरला की पहिला आवाज तुमचाच येतो. नागपूरचं आपलं स्वयंपाकघर, जेवणं उरकलेली, फरशी पुसून कोरडी केलेली. सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर, म्हणजे नकाशांच्या नकला गिरवणारे, असलेले तुम्ही एका जुन्या बंगल्याचा नकाशा माझ्यापुढे सरकवता. मी ऐटीत दिवाणखाना दाखवते. "तो कोणीही दाखवेल," तुम्ही डाफरता. "भांडी घासणारी बाई कुठून आत येते, ते दाखव आधी." मग मागच्या लोखंडी जिन्यावर बोट ठेवून, अगदी ताठ मानेनं सांगता, "तुझी आजी असल्याच जिन्यांनी वर जायची."

नव्वदच्या दशकात इथं अमेरिकेत, जर्सी सिटीत, आर्किटेक्ट म्हणून मला स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं काम म्हणजे व्हिक्टोरियन काळातलं एक विटांचं घर. शेजारच्या घरांना भिंत लावून उभं, तीन मजली, अरुंद. रस्त्यावरून थेट मोठ्या दारापर्यंत चढणाऱ्या तपकिरी दगडाच्या पायऱ्या, पुढे आलेली खिडकी, छताला प्लास्टरची फुलं. घर संरक्षित, त्यामुळे दर्शनी भागाची एक वीटही हलवायची नाही. आत मात्र मालकिणीची मर्जी, आणि तिला मागचा नोकरांचा जिना पाडून मोठं बाथरूम हवं होतं. माझ्यासोबतचा पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, "यार, कशाला अडून बसतेस? क्लायंट म्हणतेय ना, डिमॉलिश करून टाक. पहिलाच प्रोजेक्ट आहे, हातचा जाईल." ती भीती मलाही होती. पण मी हट्टाला पेटले.

बाथरूम मी वरच्या सामानाच्या खोलीत बसवून दाखवलं आणि मालकिणीला घेऊन दोन्ही जिने चढले. पुढचा जिना रुंद, कोरीव कठड्याचा, पायऱ्यांच्या कडा अजून शाबूत. मागच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. "हे घर चाललं ते या जिन्यावर," मी म्हटलं. ती वाकली, तिनं पायरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ओके. कीप इट." बाबा, मला इतका अभिमान वाटला, माझा आणि तुमचाही, की घरी येताना गाडीत मी एकटीच तुमच्याशी मोठमोठ्यानं बोलत होते.

काम चालू असताना लेक बरेचदा सोबत असायची. पुरं झाल्यावर तिला घर दाखवायला नेलं. इथेच जन्मलेली ती मागच्या जिन्यावरून धावत वर जाते, धावत खाली येते. मग थबकून विचारते, "आई, यू सेव्ड दिस वन. देन व्हाय डू यू ऑलवेज टेक द अदर वन?"

गुडघे दुखतात, म्हटलं. हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. गुडघे ठणठणीत आहेत. मागचा जिना मी वाचवला, पण अशा घरांत चढायचं म्हटलं की आजही पाय पुढच्याच जिन्याकडे वळतात, आणि कठड्यावर हात ठेवून मी अगदी सावकाश चढते.