सात गायींची पदवी

२ ऑगस्ट, शनिवार

ठरलं! सोळा तारखेला फारिराईची माणसं देज — नवऱ्याकडून मुलीच्या घरी यायच्या गायी — ठरवायला येणार. आत्याने फोनवरच तंबी दिली — "शुवाई, त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. इंजिनियर तू ऑफिसात. इथे तू नवरी."

आई शेजारीच बसली होती. बाजारात विकायचा जुन्या कपड्यांचा गठ्ठा फोडत होती. पण गुणगुणत होती. किती वर्षांनी!

५ ऑगस्ट, मंगळवार

मोठे काका गावाहून आले. बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचाच. येताना पोतंभर भुईमूग आणला, आणि नेहमीचं गाऱ्हाणंही.

"पाच वर्षं! सात गायी विकल्या या पोरीच्या फीपायी. उरलेलं हिच्या आईने कपडे विकून भरलं. आणि पगार? महिन्याला जेमतेम एक गाय!"

म्हटलं, "काका, म्हणजे वर्षाला बारा झाल्या की!"

"झाल्या ना. पाच भाड्याने खाल्ल्या, तीन मिनीबसने, चार तुम्ही दोघींनी. उरलं काय? शेपूट!"

मग शेजारच्या मुलीची गोष्ट. ती नर्स झाली, इंग्लंडला गेली, आईबापांच्या घरावर मजला चढला. "आणि आमची? गटारांची पदवी!" पर्यावरण अभियांत्रिकी हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलेले नाहीत. मी हसते खरी. पण बोचतं.

८ ऑगस्ट

फारिराईच्या दुकानात गेले होते. कुणाचं तरी फाटक जोडत होता, ठिणग्या उडत होत्या. विचारलं, काका वाटेल तेवढं मागणार, तुझी तयारी आहे का?

"मागू देत. फाटक विकताना मीपण आधी दुप्पटच सांगतो."

"मी काय फाटक आहे?"

झालं भांडण! मुतारे शहरातला अर्धा रस्ता ऐकत होता. शेवटी त्याने मला टपरीवर नेलं, मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा आणि सुके मासे मागवले. खाता खाता म्हणाला, "मोल करायला कोण येतंय गं? नातं जोडायला येतोय. काकांना भांडायची हौस आहे, ती फेडू दे की."

मासे मात्र माझ्या ताटातले पळवले. चोर.

११ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी. आज मीच आकडेमोड केली. शाळेनंतर लगेच आईबरोबर कपडे विकायला बसले असते, तर आज आमच्याकडे जास्त पैसे असते. बरेच जास्त. पहिली दोन वर्षं तर नोकरीच नव्हती. पैशाच्या हिशेबाने पदवी अजून पाण्यातच आहे.

पाण्यातच! एकटीच हसत सुटले.

पण मग टेकडीखालच्या शाळेचं काय? स्वयंपाकघराचं सांडपाणी पोरांच्या वाटेवर साचायचं. मी तिथे वाळूचे वाफे करून लव्हाळी लावली. आता त्यातून निघणाऱ्या पाण्यावर त्यांची भाजी पिकते. गेल्या पावसाळ्यात बाई फोन करून म्हणाल्या, "ऐका!" — आणि फोन वाफ्याजवळ धरला. बेडूक! शेकडो बेडूक ओरडत होते. त्या दिवशी ऑफिसात मला काही म्हणजे काही सुचलं नाही.

हे कुठल्या गायीत मोजायचं?

१६ ऑगस्ट, शनिवार

सगळं लिहायलाच हवं.

फारिराईकडचे मध्यस्थ म्हणजे मुपुंगा आजोबा. दारात चुकीच्या पायाने आले म्हणून दंड, टाळ्या वाजवून नमस्कार उशिरा केला म्हणून दंड. मुलीकडच्यांनी असे दंड लावायचे ही रीतच, आणि आत्या त्यात पटाईत! आजोबा हसत हसत लाकडी ताटात नोटा ठेवत होते. मी स्वयंपाकघरात, दाराला कान लावून.

काका म्हणाले, "मुलगी इंजिनियर आहे. अकरा गायी."

आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "इंजिनियर आहे, मान्य, मालक. डॉक्टरीण असती तर घरी औषध दिलं असतं. मास्तरीण असती तर पोरांना शिकवलं असतं. या शिक्षणाचा आमच्या घराला उपयोग काय? आणि पगार किती, ते विचारू का?"

आता काका तेच गाऱ्हाणं गाणार! मी डोळे मिटून घेतले.

काकांनी पगार सांगितला. खरा. एक डॉलरही फुगवला नाही.

"मग अकरा जरा जास्त होतात, मालक," आजोबा हळूच म्हणाले.

"टेकडीखालची शाळा पाहिलीत?" काकांचा आवाज चढला. "मी पाहिली. दोनदा गेलो. घाण पाणी वाळूत शिरतं, लव्हाळ्यांच्या मुळांशी रेंगाळतं, पलीकडे निवळ होऊन बाहेर येतं. ना मोटर, ना वीज! तिथल्या बाईंना विचारलं, हे कुणी केलं? म्हणाल्या, 'शुवाई इंजिनियरने.' मी सांगितलं नाही, माझी पुतणी म्हणून. लाज वाटली रडताना दिसायची."

मी भांड्यांच्या फडताळाला टेकून उभी. दोनदा गेले! आणि मला पत्ता नाही! आईने माझा हात धरला. तिला ठाऊक होतं. बस दाखवायला तीच गेली होती.

मग काका म्हणाले, "सात. जेवढ्या विकल्या तेवढ्याच. मला नफा नको, गोठा भरायचाय. आणि तिच्या आईच्या मानाची गाय वेगळी, ती जिवंत हवी, पैशांत चालणार नाही. तिथे घासाघीस नाही."

"नाही म्हणजे नाहीच!" आजोबा म्हणाले.

काकांनी मला बाहेर बोलावलं. "या माणसांना ओळखतेस? यांच्या गायी घेऊ का आम्ही?"

तोंड उघडायचं नाही म्हणे! मी एवढ्या जोरात "घ्या" म्हणाले की आत्यासुद्धा खो खो हसली.

१७ ऑगस्ट

काका परत गेले. स्टँडवर म्हणाले, "पगार वाढवून माग, कळलं? शेपटावर संसार होत नाही." मी वाकून नमस्कार केला. शाळेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, मीही नाही.

२१ ऑगस्ट

आई दिवसभर गुणगुणत होती. बरं चाललंय.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी साहेबांनी बोलावलं. पुढचं काम कंपनीला मिळालं नाही. या महिन्याचा पगार शेवटचा. मी आणि आणखी तिघं.

घरी न जाता दुकानात गेले. फारिराईला म्हटलं, बैठकीत सांगितलेला पगार आता खोटा ठरला. तुझ्या माणसांना पुन्हा बोलायचं असेल तर बोला. मी रागावणार नाही.

त्याने यंत्र बंद केलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"सोमवारी तुझ्या आईची गाय निवडायला जायचंय. तुला रजा मिळणार नाही म्हणून एकटाच जाणार होतो," म्हणाला. "आता दोघं जाऊ."