गणपत छापखान्यात

३ जून १९४६, सांगली
आज हेडमास्तरांशी वाजलं. गणपतला अठरा पुरी झाली, पटावरून नाव कमी, घरी पाठवा. मी विचारलं, पुढे काय? म्हणाले, "शिकवणं आपलं काम. नोकऱ्या लावणं नव्हे." इतकी वर्षं आरशासमोर बसवून एकेक अक्षर त्याच्या घशातून काढलं ते कशासाठी? मुक्याबहिऱ्यांची शाळा म्हणे. पाटी उतरवून ठेवा ती.

गणपतचे वडील कडेगावाहून न्यायला आले होते. "आवं बाई, गुरं राखंल की. आनि काय करायचं त्येनं?"
गणपत त्यांच्या ओठांकडे बघत होता. मग एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "गुरं नको." वडील बघतच राहिले. मी थोडे दिवस मागून घेतले. वसतिगृहात तोवर राहील.

७ जून
छापखाने पालथे घातले. एकाने सांगितलं, सकाळी सकाळी मुक्याचं तोंड नको, गिऱ्हाइकं बिचकतात. दुसरीकडे आत बोलावलंच नाही, दारातच. शेवटी एका छापखान्याचे मालक आप्पासाहेब तयार झाले. गणपतने समोर बसून छपाईच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचून दाखवली, ते बघून नव्हे. म्हणाले, "मुका आहे ना? बरंच. गप्पा नाहीत, तक्रार नाही." गिळलं. काम मिळालं म्हणून गिळलं.

११ जून
पहिल्याच दिवशी निरोप, पोराला काही समजत नाही. शाळा सुटल्यावर गेले. फोरमन दत्तूमामा. मिशा ओठांवर, गालात तंबाखू, बोलताना मान खाली. बोलणार "हितं ठिव", "न्हाई रं", "कवा करनार". गणपत बिचारा 'इथे' आणि 'नाही' त्या मिशांत हुडकतोय. आम्ही शिकवली ती पुस्तकातली मराठी. ती सांगलीत बोलतं कोण? हेडमास्तर आणि मी.

१५ जून
आज परत. दत्तूमामांनी बाजूला घेऊन विचारलं, हातानं सांगितलं तर चालंल का? शाळेत खुणा करणाऱ्या मुलाला हातांवर बसवतात. बोलायची सवय जाते म्हणून. मीही बसवलंय. चालेल म्हटलं.

२० जून
त्यांची त्यांची भाषा चाललीय. काना म्हणजे उभं बोट. कागद संपला म्हणजे दोन्ही तळवे झटकायचे (कागदावर कंट्रोल आहे, ही खूण रोजचीच). मालक म्हणजे पोटावरून फिरवलेला हात. मालकांना अजून कळलेलं नाही. गणपत हसतो. घशातून भसाडा आवाज येतो, आणि तिथे कुणी त्याला गप्प कर म्हणत नाही.

२६ जून
पायाने चालवायच्या मशीनमध्ये गणपतचं बोट सापडलं. नख गेलं, हाड वाचलं. तो कागद सरळ करत होता. पलीकडल्या कामगाराने ओरडून पाय मारून मशीन चालू केलं. ओरडलं म्हणजे झालं! बघायचं नाही. आणि बोलणी कुणाला? गणपतला. आप्पासाहेब म्हणाले, बहिऱ्याला ठेवला ही माझीच चूक. मी म्हटलं, न बघता मशीन चालवणाऱ्याला एक शब्दही नाही, असं का? दत्तूमामांनी आपला डावा हात मालकांच्या टेबलावर ठेवला फक्त. दोन बोटांची टोकं नाहीत त्याला. आणि मामांचे कान तर चांगले आहेत.
गणपत राहिला. मशीनपासून लांब, खिळे जुळवायला.

१ जुलै
व्हायचं ते झालं. हेडमास्तर शाळेचा अहवाल छापायला द्यायला म्हणून गेले, तो गणपत आणि दत्तूमामा हातांनी बोलताना दिसले. मला खोलीत बोलावलं. सगळी मेहनत तीन आठवड्यांत मातीत घातलीत म्हणाले. "त्याला माकड केलंत तुम्ही." मी म्हटलं, बोलतोय तो. माणसांशी. पहिल्यांदा.
माझ्या वर्गातल्या अनसूयाला त्याच छापखान्याच्या पुस्तक-बांधणीखात्यात द्यायचं ठरत होतं. तेही रद्द. यापुढे शाळेतलं एकही मूल कामाला पाठवायचं नाही. शाळेची शिफारस नाही असं आप्पासाहेबांना कळवणार, आणि मी लेखी माफी द्यायची, नाहीतर राजीनामा. बाहेर आले ती रागाने. भीती नंतर आली.

४ जुलै
गणपतचे वडील आले. शाळेतून निरोप गेला होता, मुलाला घेऊन जा. मी छापखान्यात नेलं. गणपतने बोटाचं फडकं दाखवलं, मग पदर डोक्यावर घेतल्यासारखा हात फिरवला, तळवा उलटा केला.
"काय म्हंतुय त्यो?" वडिलांनी मला विचारलं.
आई कशी आहे विचारतोय, म्हटलं.
ते म्हणाले, "पोरगं आठरा वर्साचं झालं. कवा इचारलं न्हवतं." मग, "बरी हाय म्हनायचं तर हात कसा करायचा?"
मी सांगणार होते. सांगितलं नाही. त्यालाच विचारा म्हटलं. दोघं पायरीवर बसले, मी निघाले.

५ जुलै
आप्पासाहेब काही ठरवत नाहीत. शनिवारपर्यंत बघू म्हणतात. वडील परत एकटेच गेले, की दत्तूमामांकडे राहिलेत, कळलं नाही. अनसूया आज वर्गात माझ्याकडे बघून उभं बोट दाखवत होती. कुणाकडून शिकली? हातांवर बसवलं नाही मी.
उद्या हेडमास्तरांना कागद द्यायचाय. बसलेय मघापासून. माफी लिहायची तर कशाची, आणि नाही लिहिली तर या वर्गात उद्या कोण उभं राहणार?